पाठीला पाठ

"या घरात दोन माणसं राहतात आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. तुला चालणार असेल तर बॅग वर ने."

काकू माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी नोएडातल्या त्या कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, फाटकात उभी होते. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आईने घरमालकिणीसाठी दिलेला चिवड्याचा डबा. ही जागा आईने पुण्यात बसून, ओळखीतून ओळख काढत शोधली होती. मराठी घर, वयस्कर जोडपं, नवरा मंत्रालयातून रिटायर, बायको पूर्वी पहाडगंजच्या मराठी शाळेत पी.टी.ची बाई. मुलीने दिल्लीत एकटीने नोकरी करायची तर याहून सुरक्षित जागा कुठली? आता ही पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेली उंच, काटकुळी बाई मला हे असं सांगत होती. मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले.

त्या हसल्या नाहीत. डबा उघडून त्यांनी उभ्याउभ्या चिमूटभर चिवडा तोंडात टाकला, "मीठ कमी आहे" म्हणाल्या आणि डबा घेऊन आत गेल्या.

थट्टा नव्हती, हे चहाच्या वेळेला कळलं. काकूंच्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि त्याच्यासोबत काळ्या दोरीत ओवलेली शाळेतली शिट्टी होती. चहा गाळून झाल्यावर त्यांनी ती तोंडात धरली आणि एक लांब शिट्टी मारली. माझ्या हातातली बशी सुटली. आतल्या खोलीतून मफलर गुंडाळलेले काका आले, मला नमस्कार करून म्हणाले, "आलीस? बरं झालं," आणि आपला कप घेऊन व्हरांड्यात गेले. एक लांब शिट्टी म्हणजे चहा, दोन आखूड म्हणजे जेवण. बाहेर काकांना कुणी भेटायला आलं तर तीन. शेजारच्या कोठीतले भाटियाजीसुद्धा शिट्टी ऐकून मनगटावरचं घड्याळ लावायचे.

काका अधूनमधून बोलायचा प्रयत्न करायचे. म्हणजे वर्तमानपत्राकडे बघत म्हणायचे, "आज गारठा फार आहे." काकू भाजी चिरत असायच्या. सुरी जराही अडायची नाही. कधी मीच न राहवून म्हणायची, "हो ना काका, फारच." तेव्हा काकू माझ्याकडे बघायच्या, आणि पुन्हा आपण मध्ये पडू नये हे मला समजायचं. निरोप्याचं काम मात्र त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही. 'त्यांना सांग' हे शब्द त्या घरात नव्हतेच.

माझ्याशी मात्र त्या पोटभर बोलायच्या. माणूस कसा आहे हे त्या चालण्यावरून ठरवत. केबलवाला येऊन गेला की म्हणायच्या, "टाचा घासत चालतो. आळशी आहे, दोनदा बोलवावं लागेल." मला पहिल्या आठवड्यात सांगून टाकलं, "तू खांदे पाडून चालतेस. कुणी रागावलंय का तुझ्यावर? कणा सरळ!" भावगीतं त्यांना अजिबात खपत नसत. रेडिओवर एखादा हळवा आवाज लागला की उठून बंद करायच्या. "लाडीगोडी नुसती. दुखतंय तर ओरड ना बाबा." दर बुधवारी जेवण उरकून त्या बूट घालून बाहेर पडायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. कुठे गेला होता, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "दोरीवरच्या उड्या शिकवायला." मी समजले, कुठेतरी शिकवणी घेत असतील.

पहिल्या रविवारी सकाळी मी गाढ झोपेत असताना माझा पलंग हलायला लागला. टेबलावरचं स्टीलचं भांडं कडेकडे सरकत गेलं आणि खाली पडलं. दिल्लीत भूकंप होतात हे ऐकून होते. गाऊनवर शाल ओढून मी जिना उतरले आणि थेट अंगणात जाऊन उभी राहिले. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर म्हशी निवांत बसल्या होत्या. रस्त्यावर एकही माणूस घाबरलेला दिसत नव्हता. आवाज आमच्याच हॉलमधून येत होता. मी खिडकीतून आत पाहिलं.

काका खिडकीकडे तोंड करून खुर्चीवर बसले होते. मफलर तोच, स्वेटर तोच, आणि मांडीवर लालभडक इलेक्ट्रिक गिटार. डाव्या हाताच्या करंगळीत त्यांनी पाण्याच्या पाइपाचा एक तुकडा घातला होता आणि तो तारांवरून घासत नेत होते. पायाशी एक जुनाट अँप्लिफायर, त्याच्याशेजारी घोंघावणारा ट्रान्सफॉर्मर. त्यातून जो आवाज निघत होता त्याला मी तोवर संगीत म्हटलं नसतं. कुणाच्या तरी घशात काच अडकली आहे आणि तरी त्याला बोलायचं आहे, असा तो आवाज होता. आणि त्यांच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, काकू. समोर स्टुलावर शाळेच्या बँडचा ताशासारखा छोटा ड्रम, बाजूला भिंतीला टेकवलेला मोठा ढोल. उजव्या हातात काठी, डाव्या हातात कापडी गोळ्याचं दांडकं. पदर कमरेला खोचलेला. त्या मारत होत्या. वाजवत होत्या असं म्हणवत नाही.

ते एकमेकांकडे बघत नव्हते. कुणी मान हलवत नव्हतं, कुणी पायाने मात्रा धरत नव्हतं. आणि एका क्षणी दोघं एकदम थांबले. मधोमध कापल्यासारखे. मी हबकून खिडकीचा गज धरून तशीच उभी.

काकूंनी दांडकी खाली ठेवली, पदर सोडला आणि मला पाहिलं. "उठलीस? चल, पोहे केलेत." आणि दोन आखूड शिट्ट्या मारल्या.

भाटियाजी एकदा तक्रार घेऊन आले होते. नवं घर, नवे सोफे, घरी पाहुणे, आणि शेजारी हा कल्ला. फाटकातूनच म्हणाले, "बहनजी, संडे के दिन ये क्या होता है आपके यहाँ?"

"कीर्तन," काकू म्हणाल्या.

"ऐसा कीर्तन?"

"हमारे महाराष्ट्र में ऐसा ही होता है."

भाटियाजींनी हात जोडले आणि गेले. पुढे त्यांच्या घरी जागरण होतं तेव्हा त्यांनी काकूंना आदराने आमंत्रणही दिलं होतं.

गिटारची हकिगत मला काकांनी सांगितली. तरुणपणी काही वर्षं ते अमेरिकेतल्या वकिलातीत कारकून होते. एकदा कामासाठी शिकागोला गेले असताना रविवारच्या जुन्या बाजारात फिरत होते. तिथे एका काळ्या म्हाताऱ्याने बाजूच्या दुकानातून वायर ओढून आणली होती आणि फूटपाथवर बसून तो गिटार वाजवत होता. सोबत फक्त एक ड्रमवाला. "मला नाट्यसंगीत माहीत, भजन माहीत," काका म्हणाले. "पण हा माणूस गात नव्हता गं, तक्रार करत होता. सरळ. कुणाचीही भीडभाड न ठेवता. बाजार उठेपर्यंत मी तिथून हललो नाही." लग्न व्हायचं होतं तेव्हा. परत येताना त्यांनी जुन्या वस्तूंच्या दुकानातून गिटार आणि अँप्लिफायर आणला. तिथली वीज कमी दाबाची, म्हणून इथे तो ट्रान्सफॉर्मर. दिल्लीत आल्यावर सरकारी क्वार्टर, बढत्या, फायली. गिटार पलंगाखाली गेली ती गेलीच.

"मग पुन्हा कधी काढलीत?" मी विचारलं.

"काढली," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

पुढचं काकूंकडून आलं, तेही अर्धंच. मेथी निवडताना म्हणाल्या, "एक दिवस बसला तारा खरवडत. दिवसभर. मला सहन होईना. रडायचं तर रडावं माणसाने, तारांकडून कसलं रडवून घेतोस? शाळेने मोडीत काढलेला ढोल मी घरी आणून ठेवला होता. काढला आणि बडवायला घेतला. म्हटलं, बघू तुझा आवाज कसा ऐकू येतो. तर हा थांबेना. मी थांबेना. पुढच्या रविवारी पुन्हा. भांडणच होतं ते. अजून आहे."

नवऱ्याला त्या बोलण्यात एकेरी म्हणाल्या हे माझ्या लक्षात आलं होतं. पण का रडत होते काका, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की प्रकरण जमिनीचं असेल किंवा काकांचं कुणी अमेरिकेतलं असेल. हॉलमध्ये एका मुलीचा फोटो होता, वेणीत रिबिनी, गळ्यात पदक. त्याला हार नव्हता, म्हणून माझा समज झाला की लेक परदेशात असणार. त्या काळात सगळ्यांच्याच लेकी परदेशात जात होत्या.

एका रविवारी वाजवता वाजवता लाइट गेली. नोएडात ती जायचीच. गिटार जागच्या जागी मुकी झाली. काका पाइपाचा तुकडा तारांवर फिरवत राहिले, पण नुसतं खर्र खर्र. मला वाटलं, काकू थांबतील. त्या थांबल्या नाहीत. वीज येईपर्यंत त्या एकट्या ढोल हाणत राहिल्या आणि काका मान खाली घालून ते ऐकत राहिले. मला त्या हॉलमध्ये उभं राहवेना.

मी ज्या स्टुडिओत काम करायची तो एका नव्या काचेच्या इमारतीच्या तळघरात होता. जिथे दोन वर्षांपूर्वी मोहरीचं शेत होतं तिथे आता आम्ही देवीच्या भजनांच्या कॅसेटी आणि साबणाच्या, कुकरच्या जाहिराती रेकॉर्ड करायचो. आमचे मुख्य रेकॉर्डिस्ट घोषदा. पोनीटेल, चाळिशीचे, मनाने रॉकवाले आणि पोटासाठी भजनवाले. मी एका रविवारी छोट्या टेपरेकॉर्डरवर हॉलमधला गोंगाट टेप केला आणि गंमत म्हणून सोमवारी त्यांना ऐकवला.

घोषदांनी हातातली सिगरेट विझवली.

"कितने लोग हैं?"

"दो."

"झूठ मत बोलो. बेस कौन बजा रहा है?"

"कोई नहीं. वो ढोल है. और ट्रान्सफॉर्मर."

"ये लोग हैं कौन यार?"

"मेरी मकान मालकिन. और उनके हजबंड."

 घोषदांनी टेप पुन्हा सुरुवातीपासून लावली.

कॅसेट काढायची कल्पना त्यांची. मालकाला त्यांनी कसं पटवलं देव जाणे. मला वाटलं होतं, काकू मला हाकलून देतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथे लाइट जाते का?" जनरेटर आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मग येऊ."  दुसऱ्या दिवशी काका तारांचा नवा सेट शोधायला दर्यागंजला गेले.

स्टुडिओ बंद असतो अशा दिवशी सकाळी आम्ही गेलो. ढोल टेम्पोत, गिटार काकांच्या मांडीवर. घोषदांनी दोघांना दोन वेगळ्या खोल्यांत बसवायची तयारी केली होती. काकूंनी हेडफोन हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "कानात बोळे घालून मी वाजवत नाही." शेवटी दोघं एकाच खोलीत बसले, घरच्यासारखे, पाठीला पाठ. त्या खोलीत जागा इतकी कमी होती की खुर्च्यांची पाठ एकमेकींना लागत होती. इतक्या जवळ त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारपर्यंत सगळं झालं. एकदा वाजवलेलं त्यांनी दुसऱ्यांदा वाजवलं नाही. घोषदा म्हणाले, "अंकल, एक में तो आवाज़ चाहिए. थोड़ा गा दीजिए, कुछ भी."

"मला येत नाही," काका म्हणाले. मग मला समजावून सांगायला लागले, घोषदांना सांग म्हणून. "तिथले लोक कसं करतात, एक ओळ म्हणतात. तीच पुन्हा म्हणतात. तोवर तिसरी सुचते, ती म्हणजे पहिलीचं उत्तर. सोपं आहे तसं. पण म्हणण्यासारखं काहीतरी लागतं."

काकू पाणी पीत होत्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला. "माइक इकडे कर," मला म्हणाल्या.

मी माइक त्यांच्या तोंडाजवळ नेला आणि काचेच्या अलीकडे येऊन बसले. घोषदांनी टेप सुरू केली. काकांनी संथ सुरुवात केली, फार संथ. काकूंनी ढोलावर एक ठोका दिला. मग बराच वेळाने दुसरा. आणि मग मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या मुलाला हाक मारावी तशा आवाजात, सूर नसलेल्या, उघड्या आवाजात, त्या ओरडल्या:

फोन कुणाचा विचारलं, राँग नंबर म्हणालास.
फोन कुणाचा विचारलं, राँग नंबर म्हणालास.
माझी लेक होती फोनवर, आणि तू ठेवून दिलास.

समोरच्या मीटरचा काटा लाल भागात जाऊन आपटला. घोषदा आनंदाने मांडी थोपटत होते, त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता.  काकूंच्या पिढीतली बाई, नवऱ्याच्या पाठीला पाठ लावून, त्याला माइकवर 'तू' म्हणत होती. ठोका चुकला नव्हता. त्या पुढे ओरडल्या:

आई हवी होती तिला, नदीच्या पल्याड होती.
आई हवी होती तिला, नदीच्या पल्याड होती.
मी इथे पोळ्या लाटत होते, ती तिथे मरत होती.

मी काकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस उठेल किंवा कोसळेल. ते वाजवत होते. डोळे मिटलेले, तोंड उघडं. मग त्यांनी मान थोडी मागे वळवली, माइक होता त्या बाजूला, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मीच होतो फोनवर. मीच म्हणालो." तारांवरून पाइप घसरला. पुन्हा म्हणाले, "मीच होतो फोनवर. मीच म्हणालो."

तिसरी ओळ आलीच नाही. काकू तिच्यासाठी थांबल्या. ढोलाचे ठोके पडत राहिले आणि त्यांच्यामध्ये रिकामी जागा. काकांचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. मग काकूंनी दोन्ही दांडकी एकदम मारली आणि संपवलं.

"ओ माँ!" घोषदा खुर्चीतून उठले. "क्या गाया आंटी ने! राधा-कृष्ण का कुछ है?"

 मी बाहेर जाऊन जिन्यात बसले.

काकू माझ्याजवळ येऊन बसल्या, घाम पुसत. न विचारता सांगितलं. लेकीने तिच्याबरोबर शिकवणाऱ्या एका मुसलमान मुलाशी लग्न केलं. काकांनी तिचं नाव टाकलं. ती राहायची ओखल्याला, आमच्या घरापासून नदीवरच्या धरणाचा पूल ओलांडला की लगेच. बाळंतपण जवळ आलं तेव्हा तिने फोन केला. काकूंना बोलवायला. काका म्हणाले राँग नंबर आणि ठेवून दिला. त्यानंतर काही दिवसांनी हॉस्पिटलातून जावयाचा निरोप आला. बाळ वाचलं, ती गेली. दर बुधवारच्या दोरीवरच्या उड्या त्या नातीसाठी होत्या.

"फोनचं मला जावयाने सांगितलं, मातीच्या वेळी. त्याला वाटलं मला माहीत असेल." काकूंनी पदराने मान पुसली. "मी असते तर ती वाचली असती असं मी म्हणत नाही. डॉक्टर होते तिथे. पण मी असते."

घरी आल्यावर मी काकांना म्हटलं की ते शेवटचं गाणं टेपवरून पुसून टाकता येतं. ते म्हणाले, "राहू दे. खरं आहे ते."

मला मनातून वाटत होतं की आता ते बोलायला लागतील. इतकी वर्षं साठलेलं बाहेर पडलं, आता काहीतरी सैल होईल. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी मी ऑफिसला निघाले तर काकू व्हरांड्यात उभ्या. पायात बूट, हातात ट्रंक.

"कुठे निघालात?"

"ओखल्याला, नातीकडे. राहायला."

"म्हणजे? किती दिवस?"

"दिवस कसले? राहायला." त्यांनी ट्रंकेचं कुलूप ओढून पाहिलं. "अगं, बोलायचं राहिलं होतं म्हणून मी इथे होते. झालं बोलून."

 मी काकांकडे पाहिलं, ते दारात होते, हातात पेपर. आणि मग, माझ्या समक्ष, इतक्या वर्षांनी काकू पहिल्यांदा सरळ त्यांच्याशी बोलल्या. अगदी साध्या आवाजात, पूर्वी कधी बोलत असतील तसं. "अहो, गॅसचा नंबर लावलाय. माझ्याकडून डबा वगैरे येणार नाही. कुकर कसा लावायचा ते हिला विचारा." रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तरी काका पेपर तसाच धरून उभे होते.

आईला मी फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "या वयात?"

काकांना मी कुकर लावायला शिकवला. पहिला भात करपला, दुसरा जमला. रविवारी सकाळी त्यांनी ट्रान्सफॉर्मर लावला आणि गिटार मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. मी वरून ती घोंघों ऐकत होते. मग फाटक वाजलं. काकू आल्या, सरळ हॉलमध्ये गेल्या, पदर खोचला, भिंतीकडे तोंड केलं. वाजवून झाल्यावर पाणी प्यायल्या आणि बस पकडून परत गेल्या. पोहे नाहीत, काही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा आल्या. संसार त्यांनी मोडला होता, वाजवणं मोडलं नव्हतं. माझ्या डोक्यात हे आजही नीट बसत नाही.

कॅसेट निघाली. काळं कव्हर, त्यावर पांढऱ्या अक्षरात 'रविवार'. कॉलेजमधली लांब केसांची मुलं पत्ता शोधत नोएडाला यायला लागली. दर रविवारी पाच-सहा जण व्हरांड्यात मांडी घालून बसलेले. एकालाही शब्दांचा अर्थ कळत नव्हता, सगळ्यांना शेवटचं गाणं पाठ. काकू त्यांना म्हणायच्या, "कमर सीधी करो, बूढ़े हो क्या?" अर्थ ज्यांना कळला ते दिल्लीतले मराठी लोक मात्र सुन्न झाले. गणेशोत्सवाच्या मांडवात मंडळाच्या एका बाईंनी कॅसेट माझ्या हातात परत ठेवली, दोन बोटांनी धरून. "घरातलं असं बाजारात मांडतात का गं?" त्यांच्या शेजारी दुसरी एक बाई उभी होती. ती नंतर मला बाजूला घेऊन विचारायला आली, "अजून एक मिळेल?"

थंडी संपता संपता एका रविवारी काकू एकट्या आल्या नाहीत. त्यांच्या बोटाला धरून सहा-सात वर्षांची एक मुलगी होती. हॉलमधल्या फोटोतलाच चेहरा, तेच रुंद कपाळ. काका खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले, ना धड उभे ना धड बसलेले. मुलीने त्यांना निरखून पाहिलं. मग गिटारकडे पाहिलं. तिने घरी कॅसेट किती वेळा ऐकली असेल कोण जाणे.

"आजी," तिने मोठ्याने विचारलं, "हेच का राँग नंबरवाले?"

व्हरांड्यातली मुलं हसली, त्यांना वाटलं पोरगी गाण्याचं नाव घेतेय.  काकूंनी नातीला गप्प केलं नाही. त्या काकांकडे बघत होत्या. मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्या त्यांच्याकडे अशा रोखून बघत होत्या.

"हो," काका म्हणाले. "मीच तो."

"अच्छा," मुलगी म्हणाली आणि ढोलाशेजारी जमिनीवर बसली.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत मला मुंबईला नोकरी लागली. शेवटच्या रविवारी मी काकूंना आणि नातीला बस स्टॉपवर पोचवायला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारतींचे सांगाडे उभे राहिले होते, म्हशींचा प्लॉटही खणला होता. आता विचारलं नाही तर कधीच विचारता येणार नाही, असं वाटून मी विचारलं.

"काकू, काकांना माफ केलंत का?"

त्या चालता चालता थांबल्या. "कोण म्हणालं?"

"मग येता कशाला दर रविवारी?"

त्यांनी बस येतेय का ते पाहिलं. "तो वाजवतो तेव्हा खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "तेवढं ऐकायला येते."

बस आली. नातीला आधी वर चढवून त्या चढल्या. मी घरी परतले तेव्हा काका पायरीवर माझी वाट बघत होते. मी जाणार म्हणून असतील, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाली?"

माफीचं मी सांगितलं नाही. म्हटलं, "म्हणाल्या, तुम्ही वाजवता तेव्हा खोटं बोलत नाही."

 काका पायरीवरून उठून उभे राहिले.

"एवढं म्हणाली?" त्यांनी विचारलं. आणि मी काही बोलायच्या आत पुन्हा, "एवढं म्हणाली ती?"